‘यंदा एमबीएचा फॉर्म नाही भरला तर उशीर होईल का?’

ठाण्यात नौपाड्याला मी करिअर समुपदेशन करते. पावसाळा सरत आला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुलं साधारण चोवीस-पंचवीसची, ऐरोली-घणसोलीकडे नोकरीला. दोन वर्षं झालेली असतात, बरोबरचे एकेक करून निघालेले असतात आणि घरात लग्नाचा विषय नुकताच सुरू झालेला असतो. सगळं एकदम अंगावर येतं आणि त्या घाईत एमबीए ठरतं.

अशाच एका मुलीबद्दल तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. महापे एमआयडीसीत प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ती प्रॉडक्शन प्लॅनिंग बघायची. येताना अर्जाचा निबंध लिहूनच आली होती. लहानपणापासून नेतृत्वाची आवड, जागतिक दृष्टिकोन, सर्वांगीण विकास. इंग्रजी स्वच्छ होतं, पण नाव खोडून शेजारच्या मुलाचं टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मला अशा निबंधांची काळजी वाटते. मूल खोटं लिहीत नसतं, पण ‘मी का जातोय’ हे त्याला स्वतःलाच अजून सापडलेलं नसतं.

आधी वयाचं बोलू, कारण खरी भीती तिथे असते. कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांची प्रवेशपरीक्षा, तिला वयाची वरची अट नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलंही ती देतात. आयएसबी या बिझनेस स्कूलचा पीजीपी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांच्या अनुभवानंतरचा. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अभ्यासक्रमाला तर चार वर्षांचा अनुभव लागतो. परदेशातल्या मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये वर्गाचा सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. म्हणजे पंचविशीत दार बंद होत नाही, पुढे वेगळी दारं उघडत जातात. कॅटचा स्कोअर त्या वर्षापुरताच चालतो हे खरं, पण जीमॅट या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचा पाच वर्षं चालतो. अभ्यासाची सवय आहे तोवर परीक्षा देऊन ठेवायची आणि अर्ज नंतर करायचा, हेही जमतं.

तिला विचारलं, “एमबीए झाल्यावर काय करणार?”

“कन्सल्टिंग.”

“त्यात रोज काम काय असतं गं?”

गप्प. मग विचारलं, “बरं, आत्ताच्या कामात तू कुठे अडतेस?”

यावर मात्र ती भरभरून बोलली. ऑर्डरी येतील त्या क्रमाने ती मशीनचा प्लॅन लावायची. काळ्या झाकणांनंतर पांढरी घेतली की आत राहिलेला काळा रंग निघेपर्यंत पर्जिंग करावं लागतं. त्यात माल जातो, वेळ जातो. एक जुने ऑपरेटर तिला म्हणाले, “ताई, फिक्कटकडून गडदकडे जा की.” तिने आठवड्याचा प्लॅन तसा फिरवला. पांढरी, पिवळी, लाल, शेवटी काळी. वाया जाणारा माल कमी झाला, पण एका मोठ्या गिऱ्हाइकाची काळी झाकणं मागे पडली आणि सेल्सवाले भडकले. ती आकडे घेऊन गेली. सेल्सचे साहेब ऐकून घेऊन म्हणाले, “माल किती वाचला ते कळलं. पण गिऱ्हाईक तुटलं तर जाईल किती, ते काढलंस का?” तिने ते काढलेलं नव्हतं, आणि कसं काढतात हेही तिला माहीत नव्हतं.

“मॅडम, पण हे निबंधात काय लिहायचं? किती साधं आहे!”

मला तर तिचा खरा निबंध तिथेच दिसला. मशीनचा खर्च तिला कळतो, गिऱ्हाइकाची किंमत कळत नाही. एमबीए कशासाठी, याचं उत्तर यातच आहे. पण यातलं निम्मं तर तिला स्वतःच्या कंपनीतच शिकता येणार होतं. म्हणून मी तिला वर्षभर थांबायला सांगितलं. साहेबांकडे जा, सेल्स कोऑर्डिनेशन नाहीतर कॉस्टिंगचं काम मागून घे. त्यानंतरही जे अडेल, ते शिकायला जा.

बाबा भेटायला आले. लग्नाचं बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांना कर्जाची धास्ती होती. त्यांना म्हटलं, फीबरोबर बुडणारा पगारही धरा, आणि हप्ता झेपायला पहिला पगार किती हवा ते उलटं मोजून बघा. तो कागद त्यांनी घरी नेला. एक वर्ष थांबायला तेच आधी तयार झाले.

वर्षभराने ती परत आली तेव्हा बोलणंच बदललं होतं. कोणतं गिऱ्हाईक नव्वद दिवस पैसे अडकवतं, मोठी ऑर्डर घेऊनही पदरात काय पडतं, सवलत कुठवर द्यावी, यावर ती बोलत होती. जीमॅट देऊन झाली होती. निबंध मी आधी मराठीत लिहायला लावला, आईला सांगावं तसा. मोठे शब्द त्यातच गळून पडले. एका वाक्यावर मात्र आम्ही बराच वेळ अडलो. ‘मी प्लॅनिंगची पद्धत बदलली’ असं तिने लिहिलं होतं. ऑपरेटर कुठे गेले? ते म्हणाले आणि तिने ऐकलं, हे लिहिल्याने ती लहान होत नाही. उलट कारखान्यात कोणाचं ऐकायचं हे तिला कळतं, असं दिसतं. शिवाय साहेबांच्या शिफारसपत्रात हीच हकीकत येऊ शकते आणि मुलाखतीत निबंधातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं जातं. सांधा जुळला नाही तर ते लगेच लक्षात येतं.

कॅटवाल्यांना बहुतेक ठिकाणी असे निबंध लागत नाहीत, पण ‘एमबीए का, आणि आत्ताच का’ हा प्रश्न मुलाखतीत त्यांनाही टळत नाही. तयारी तीच. तिने प्रवेशाच्या पहिल्या फेरीत दोन ठिकाणी अर्ज केले. एकीकडून नकार आला, दुसरीकडे निवड झाली.

सगळ्यांनाच मी थांबवते असं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतला मुलगा आला होता. नोकरीला पाच वर्षं झालेली, दुसऱ्या विभागात काम मागून दोनदा नकार मिळालेला, आणि काय शिकायचंय ते त्याने मला न अडखळता सांगितलं. त्याच्याशी वयाबद्दल एक शब्दही बोलले नाही. शिफारसपत्र कोणत्या साहेबांकडे मागायचं, ते आम्ही त्याच दिवशी ठरवलं.