हिरोशिमाला विमानाने जावे की रेल्वेने?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही साठी ओलांडलेले, एप्रिलमध्ये जपानला जाणार आहोत. आधी टोकियो आणि मग हिरोशिमाचे शांतता स्मारक पाहण्याचा बेत आहे. हिरोशिमाला विमानतळ असल्याचे कळते; मग टोकियोहून विमानानेच जाणे सोयीचे नाही का? रेल्वेने गेल्यास पास काढावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हिरोशिमाला विमानतळ आहे हे खरे, परंतु तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, मिहारा भागातील डोंगरावर आहे आणि तेथे रेल्वे पोहोचत नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून उड्डाण दीड तासाच्या आसपासचे असले, तरी हानेदा गाठणे, तपासणी, सामानाची प्रतीक्षा आणि शेवटी बसचा पाऊण-एक तास हे सारे धरले की चार तास सहज उलटतात. शिंकान्सेनची, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनची, ‘नोझोमी’ गाडी तेवढ्याच वेळात टोकियोच्या मध्यातून निघून हिरोशिमा शहरातच उतरवते. तेव्हा टोकियोत मुक्काम करणाऱ्याने रेल्वेनेच जावे. हानेदाला उतरून त्याच दिवशी पुढे जाणे भाग असेल, तरच विमानाचा विचार करावा.

टोकियोहून निघताना उजव्या हाताची, ‘ई’ क्रमांकाची खिडकी मागून घ्यावी. आभाळ स्वच्छ असल्यास पाऊण तासाच्या सुमारास फुजी पर्वत दिसतो.

माझ्या मते आपला खरा प्रश्न परतीचा आहे. मुंबईहून टोकियोला जाणे आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतणे, असे तिकीट काढले तर हिरोशिमाहून पुन्हा टोकियोला येण्याचा हेलपाटा वाचतो. हिरोशिमाहून ओसाकाचे शिन-ओसाका स्थानक दीड तासाच्या अंतरावर आहे आणि तेथून ‘हारुका’ ही जलद गाडी सुमारे ५० मिनिटांत थेट विमानतळावर नेते. समुद्रात भराव घालून उभारलेला हा विमानतळ १९९४ पासून सुरू आहे. ओसाकाहून मुंबईला येताना सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँग येथे विमान बदलावे लागेल, पण टोकियोहूनही अनेकदा तेच करावे लागते.

पास मात्र काढू नये. संपूर्ण जपानसाठीच्या सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली आणि त्यावर नोझोमीने जायचे असेल तर वेगळे पैसे भरावे लागतात. टोकियो-हिरोशिमा एकेरी तिकीट वीस हजार येनच्या आसपास पडते. एकदाच जायचे असताना पासचा खर्च भरून निघणे शक्य नाही.

आपल्या वयाचा विचार करता सामानाविषयीही लिहितो. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर डब्याच्या शेवटच्या रांगेतील सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावे लागते. त्यासाठी जादा आकार नाही, पण आरक्षण न करता अशी बॅग नेल्यास १,००० येन द्यावे लागतात. विमानात चालणारी १५८ सेंटिमीटरची बॅग या मर्यादेत बसते.

एप्रिलच्या अखेरीस सुरू होणाऱ्या सुट्ट्यांच्या दिवसांत नोझोमीचे सर्व डबे आरक्षित असतात. बेत त्या आठवड्यातला असेल तर तिकिटे आधीच काढावीत. शिंकान्सेन मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत धावत नाही, म्हणून परतीचे विमान सकाळी लवकरचे असल्यास आदल्या रात्री ओसाकातच राहावे.