ठिबकणारा नळ आणि दोन प्लंबरचे दोन आकडे

तुमचं म्हणणं असं की बेसिनचा नळ ठिबकतो आणि खालच्या बॉटल ट्रॅपमधूनही (सांडपाण्याच्या नळीतल्या बाटलीसारख्या भागातूनही) पाणी झिरपतं. एका प्लंबरने फोनवरच एक आकडा सांगितला, दुसऱ्याने घरी येऊन बघितलं आणि दुप्पट मागितले. दुसरा लुबाडतोय का, आणि घासाघीस करावी का?

मी 22 वर्षं हीच कामं केली आहेत. एवढ्यावरून दुसऱ्याला लबाड ठरवू नका. बहुतेक दोघांनी दोन वेगळ्या कामांचे पैसे सांगितले आहेत. न बघता सांगणाऱ्याने वॉशर बदलायचा हिशेब केला असेल, बघून गेलेल्याने अख्खा नळ आणि ट्रॅप धरला असेल. दोघांनाही एकच विचारा, "या पैशांत नेमकं काय काय करणार, आणि माल कोणाचा?" मजुरी वेगळी आणि माल वेगळा सांगायला लावा. दोन्ही एकत्र सांगितलेल्या आकड्याची तुलनाच करता येत नाही.

"दहा मिनिटांच्या कामाचे इतके?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी ते लागलं आहे. पाना दहा मिनिटंच चालतो, पण यायला-जायला तास जातो. त्यात नळ उघडल्यावर हवा तो भाग पिशवीत नसला, की दुकानाची खेप. छोट्या कामाची मजुरी मुख्यतः या खेपांची असते, आणि त्या कमी करणं बरंचसं तुमच्या हातात आहे.

त्यासाठी बोलावण्याआधी थोडं बघून ठेवा. नळ बंद करायला दोन-तीन फेरे फिरवावे लागतात की पाव फेऱ्यात बंद होतो? फेऱ्यांचा असेल तर आत बहुधा स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) आणि रबरी वॉशर असतो, आणि तो भाग स्वस्त असतो. पाव फेऱ्याचा असेल तर आत सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं, ते सहसा आख्खंच बदलावं लागतं आणि मापाचं मिळावं लागतं. पाणी तोंडातून ठिबकतं की मुठीखालून, हेही बघा, कारण मुठीखालून येत असेल तर दोष वॉशरचा नसून वरच्या सीलचा असतो.

ट्रॅपचं तर तुम्हीच शोधू शकता. कोरड्या फडक्याने सगळं पुसा, प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, मग बेसिन अर्धं भरून एकदम सोडा. ज्या जोडाचा कागद आधी भिजेल तिथे गळती. पुष्कळदा नट ढिला झालेला असतो किंवा आतली रबरी रिंग सरकलेली असते. प्लास्टिकचा नट हातानेच आवळा. पान्याने जोर लावलात तर तडकेल आणि मग खरोखरच नवा ट्रॅप घ्यावा लागेल.

हे सगळं सांगून नळाचा आणि ट्रॅपचा फोटो पाठवलात की येणारा माणूस सामान घेऊनच येतो आणि आकडाही नेमका सांगतो. घरात आणखी काही बारीकसारीक असेल, फ्लशची टाकी सतत वाहतेय किंवा शॉवर गळतोय, तर तेही याच खेपेत उरकून घ्या. एकेका कामासाठी वेगळं बोलावणं सगळ्यांत महाग पडतं.

वाद होतो तो काम अर्धं झाल्यावर. जुन्या नळाचा वॉशर काढला आणि वॉशर जिथे टेकतो त्या आतल्या पितळी बैठकीवरून बोट फिरवलं तर कधीकधी बारीक खाच लागते. तिथे नवा वॉशर टिकत नाही, थोड्याच दिवसांत पुन्हा ठिबकायला लागतं. अशा वेळी प्लंबर म्हणाला की नळच बदलावा लागेल, तर तो खोटं बोलतोय असं समजू नका, पण "मला दाखवा" असं जरूर म्हणा. खाच बोटाला लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाकडे जाणारं पाणी बंद करायची छोटी तोटी, वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर तोही जाम असतो आणि जोर लावल्यावर तुटू शकतो. तो आदल्या दिवशी हलक्या हाताने फिरवून बघा, फिरत नसेल तर आधीच सांगा. आणि "जास्तीचं काही निघालं तर मला विचारल्याशिवाय करू नका" हे सुरुवातीलाच बोलून ठेवा.

घासाघीस करायचीच तर काम सुरू होण्याआधी करा. काम झाल्यावर ठरलेले पैसे कापणं मला कधीच पटलं नाही. छोट्या कामाला आगाऊ पैसे मागितले तर फक्त मालाचे द्या, मालाची पावती आणि काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि बाकी हिशेब पाणी सोडून, पुन्हा कागद गुंडाळून बघितल्यावर करा. त्याच जागी पुन्हा गळलं तर किती दिवसांपर्यंत फुकट येणार, हेही तेव्हाच ठरवा.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, सुमारे एक बादली पाणी. त्यामुळे भाव ठरेपर्यंत अँगल कॉक फिरत असेल तर तो बंद ठेवा. नळ किती फेरे फिरतो आणि कोणता कागद आधी भिजला ते कळवा, म्हणजे कोणाचा आकडा रास्त आहे ते सांगता येईल.