गाठ सोडली की झालं?

प्रश्न : माझं वय 34. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच कुटुंबनियोजनासाठी गर्भनळ्या बांधून घेतल्या होत्या. पुढे घटस्फोट झाला. आता पुन्हा लग्न केलंय. यांचं हे पहिलंच लग्न. आम्हाला दोघांनाही बाळ हवंय. नात्यातल्या बायका म्हणतात, "गाठ सोडली की झालं." खरंच इतकं सोपं आहे का?

उत्तर : ताई, नुसती गाठ सोडून भागलं असतं तर आम्हा सर्जन मंडळींना मायक्रोस्कोप लागलाच नसता! सिझेरियनच्या वेळी बहुतेकदा नळीचा मधला तुकडा कापूनच काढतात आणि उरलेली टोकं बुजतात. ती पुन्हा मोकळी करायची आणि केसाहून बारीक धाग्याने एकमेकांना जोडायची. मग गर्भाशयातून निळं औषध सोडतो. नळीच्या झालरीसारख्या टोकातून निळा थेंब बाहेर आला, की वाट मोकळी.

पण वाट मोकळी झाली म्हणजे दिवस राहतीलच असं नाही. मूळ नळी साधारण 10 सेंमी. जोडल्यावर निदान 4 सेंमी उरली तर आशा चांगली. रिंग किंवा क्लिप लावली असेल तर नुकसान कमी, नळी जाळली असेल तर जास्त. झालरच काढली असेल तर मी ऑपरेशनला नाहीच म्हणते. म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद आधी शोधा.

आणि यांची वीर्यतपासणी झालीय का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. बाईच्या ऑपरेशनची तारीख ठरते आणि नवऱ्याचा साधा रिपोर्ट नसतो, याची मला फार चीड आहे. शुक्रजंतू फारच कमी असतील तर नळ्या जोडून काय उपयोग? तेव्हा सरळ आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा, विचार करावा. त्यात नळ्यांची गरजच पडत नाही. चाळिशीजवळच्या बाईलाही मी सहसा तेच सुचवते. तुमचं वय मात्र अजून हाताशी आहे. रिपोर्ट चांगला आला, स्त्रीबीजांचा साठा बरा निघाला, तर नळ्या जोडून घ्या. मग दर महिन्याला घरच्या घरी संधी मिळते.

फक्त एक लक्षात ठेवा : जोडलेल्या नळीतच गर्भ अडकण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. पाळी चुकली की लगेच तपासणी करा आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी करून पाहा. ओटीपोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली, तर रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.