वाचकांचे प्रश्न : आंबट बिअरचे सामाईक पिंप

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत पोर्टलंड येथे राहते. तेथील दहा-अकरा मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून, पूर्वी बर्बन व्हिस्की मुरवण्यासाठी वापरलेले ओकच्या लाकडाचे एक पिंप विकत घेतले आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी बिअर तयार करून त्या पिंपात ओतायची आणि वर्ष-दीड वर्ष मुरू द्यायची, असे त्यांचे ठरले आहे. ही बिअर मुद्दाम आंबट होऊ देतात, असे ती सांगते. असे पेय पिण्यास सुरक्षित असते का? त्यासाठी इतकी माणसे कशाला लागतात? आणि एकाची बिअर बिघडलेली निघाली, तर सगळ्यांचेच नुकसान होणार नाही का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. पीठ भिजवून रात्रभर ठेवले की त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि तो हवासा आंबटपणा येतो. मुलीच्या पिंपातही याच कुळातले जिवाणू काम करणार आहेत. फरक इतकाच, की तिथे त्यांच्या जोडीला यीस्ट असते आणि एका रात्रीऐवजी कित्येक महिने लागतात. साध्या बिअरचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) साधारण ४ ते ४.५ असतो, तर मुरलेल्या आंबट बिअरचा ३.२ ते ३.५ पर्यंत उतरतो. इतके आम्ल आणि सोबत अल्कोहोल असलेल्या द्रवात माणसाला आजारी पाडणारे जिवाणू तग धरत नाहीत. त्यामुळे सुरक्षिततेची चिंता नसावी. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात लाम्बिक नावाची बिअर पिढ्यान्‌पिढ्या अशीच तयार होत आली आहे आणि एक, दोन व तीन वर्षे मुरलेल्या लाम्बिकचे मिश्रण करून गझ नावाची बिअर बाटल्यांत भरली जाते. त्याच देशातील रूसेलारे गावची १८२१ साली स्थापन झालेली रोडेनबाख ब्रुअरी आजही ओकच्या अजस्र उभ्या पिंपांत आपली तांबूस आंबट बिअर मुरवते.

माणसे इतकी का लागतात, याचे उत्तर पिंपाच्या मापात आहे. बर्बनचे पिंप ५३ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे असते. घरगुती बिअर करणाऱ्याच्या एका घाण्यात जेमतेम १९-२० लिटर बिअर निघते, म्हणजे एक पिंप भरायला दहा-अकरा घाणे हवेत. एकट्याने ते भरायला घेतले, तर शेवटचा घाणा तयार होईपर्यंत पहिल्या घाण्याची बिअर अर्ध्या रिकाम्या पिंपात हवेच्या संपर्कात पडून राहते, आणि या कामात हवेइतका मोठा शत्रू दुसरा नाही. लहान पिंप घ्यावे असे कुणी सुचवेल, पण मी त्याला अनुकूल नाही. पिंप जितके लहान तितका लाकडाचा पृष्ठभाग आतल्या द्रवाच्या मानाने जास्त, त्यामुळे लाकडाची चव लवकर आणि बेसुमार उतरते आणि फळ्यांतून झिरपणारा प्राणवायूही प्रमाणाबाहेर मिळतो. मोठे पिंप सावकाश काम करते आणि या बिअरला तीच सावकाशी हवी असते.

घराघरांत तयार होणारी बिअर आधी नेहमीच्या यीस्टने पूर्ण आंबवून घेतात. तिच्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणणारी एका वेलीची फुले) अगदी बेताचे घालावे लागतात, कारण हॉप्समधील कडू द्रव्ये आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची वाढ रोखतात. पिंपात गेल्यावर मग ब्रेटॅनोमायसिस हे रानटी म्हणावे असे यीस्ट, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू आपापल्या वेळेने कामाला लागतात. साध्या यीस्टला न पचलेल्या शर्करा ब्रेटॅनोमायसिस हळूहळू फोडत राहते आणि कोठीघराचा, कधी सुक्या गवताचा, कधी पिकल्या फळाचा तो वास येऊ लागतो, ज्यासाठी लोक या बिअरच्या मागे लागतात. पृष्ठभागावर पातळ, पांढरट, बुडबुड्यांचा पापुद्रा धरतो. त्याला बुरशी समजून कुणी हलवू नये.

आता आपला खरा प्रश्न. होय, एकाच्या बिअरमुळे सगळ्यांचे पिंप बिघडू शकते. ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू प्राणवायूच्या मदतीने अल्कोहोलचे व्हिनेगर करतो आणि त्याच्या सोबतीने नेलपॉलिशसारखा उग्र दर्प देणारे इथाइल ॲसिटेट तयार होते. वीस लिटरमध्ये असा दोष असेल आणि ते वीस लिटर दोनशेत मिसळले, तर तो वेगळा काढण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून पिंप भरण्याच्या दिवशी प्रत्येक भांड्यातली बिअर सर्वांनी वास घेऊन आणि चाखून पाहावी, विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड; यावरून उरलेली साखर कळते) मोजावी आणि शंका येईल ते भांडे बाजूला ठेवावे. ज्याचे भांडे नाकारले जाईल त्याने मनाला लावून घ्यायचे नाही आणि त्याचा वाटाही कमी करायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत बोलून ठेवलेले बरे. एका घरची बिअर जास्तीची करून ठेवावी, म्हणजे एखादे भांडे बाद झाले तरी पिंप काठोकाठ भरता येईल आणि पुढे लाकडातून उडून जाणारी घटही भरून काढता येईल.

माझ्या मते अशा गटांची परीक्षा पाककृतीत होत नाही, ती चौथ्या-पाचव्या महिन्यात होते. पेडिओकॉकसच्या कामामुळे मधल्या काळात बिअर कधीकधी तेलकट, तार धरणारी होते आणि तिला लोण्यासारखा वास येतो. ती चाखून निम्मे सभासद हवालदिल होतात, ओतून टाकू म्हणतात, किंवा रोज बूच काढून पाहू लागतात. वास्तविक हा टप्पा अपेक्षित असतो आणि ब्रेटॅनोमायसिस पुढच्या काही महिन्यांत तो चिकटपणा व तो वास दोन्ही पचवून टाकते. रोज बूच काढण्याने मात्र खरोखरच व्हिनेगर होते. नमुना घेण्याची एक सोपी आणि उत्तम रीत आहे, कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांच्यामुळे ती सर्वत्र पोहोचली. पिंपाच्या चपट्या तोंडाला तीन मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा घट्ट बसवतात. पक्कडीने खिळा ओढला की दोऱ्याएवढी बारीक धार थेट पेल्यात येते. चार घोट मिळाले की खिळा पुन्हा ठोकून बसवायचा आणि ती जागा पुसून घ्यायची. वरचे बूच हलतही नाही. नमुना दोन-तीन महिन्यांतून एकदा, सर्वांच्या उपस्थितीत घ्यावा आणि वहीत नोंदवावा.

दोन गोष्टी घाईत सांगतो. पिंप भरल्यावर त्याचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ते आधी कायमच्या जागी, मजबूत बैठकीवर ठेवून मगच भरावे, आणि ज्याच्या घरी ठेवणार तो दोन वर्षे घर बदलणार नाही याची खात्री करून घ्यावी. दुसरे म्हणजे, वाळलेल्या पिंपात आधी गरम पाणी भरून फळ्या फुगू द्याव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी सांध्यांतून गळती लागते.

प्रश्न : हे सर्व वाचून आम्हा काही मित्रांनाही नागपुरात असे पिंप भरावेसे वाटते. घरच्या वापरापुरती बिअर करायला हरकत आहे का? उन्हाळ्यात काय करावे? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : हरकत आहे आणि ती कायद्याची आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये अनुज्ञप्तीशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. ते विकण्यासाठी केले की घरी पिण्यासाठी, याने फरक पडत नाही. मद्यसेवनाचा परवाना खिशात असला, तरी तो विकत घेण्यापुरता, बाळगण्यापुरता आणि पिण्यापुरता असतो, निर्मितीला तो लागू पडत नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर सूट मिळाली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि तीही विक्रीसाठी नाही, अशी तिथली मर्यादा आहे. आपल्याकडे अशी सूट नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदीच आहे. आपली हौस मनापासूनची असल्याचे पत्रावरून दिसते, म्हणूनच स्पष्ट सांगतो की हे करू नका. शिकायचेच असेल, तर अनुज्ञप्ती असलेल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन तिथल्या ब्रुअरशी बोलावे. त्यांना अशा जाणत्या गिऱ्हाइकांचे कौतुकच वाटते.

उन्हाळ्याविषयी आपण विचारले, तो मुद्दा मात्र कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे. पिंपाला १३ ते २० अंश सेल्सिअसची, फारशी न बदलणारी जागा मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते, की कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी घालावे लागते. अशा हवेत फळ्यांतून पाणी झपाट्याने उडते, पिंपात पोकळी वाढते, फळ्या आकसतात आणि प्राणवायू आत शिरतो. त्याच वेळी उष्णतेने ॲसिटोबॅक्टर फोफावतो. बेल्जियमसारख्या थंड देशातही लाम्बिक करणारे कारखाने शिजवलेला वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा) केवळ थंडीच्या महिन्यांत रात्रभर उघडा निववतात आणि उन्हाळ्यात ते काम बंद ठेवतात. आपल्याकडे मोठ्या व्यावसायिकानेही हे करायचे म्हटले, तर बारमाही वातानुकूलित आणि दमट ठेवलेली खोली लागेल.

आपल्या गटाला आंबवण्याचेच शास्त्र हाताळायचे असेल, तर काळ्या गाजराची कांजी घ्यावी. गाजर, मोहरीपूड, मीठ आणि पाणी बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून, थंडीतल्या उन्हात तीन-चार दिवस ठेवायचे. सामू मोजण्याच्या पट्ट्या आणून प्रत्येकाने रोज नोंद ठेवली, तर तेच पीठ, तेच पाणी वापरणाऱ्या दोन घरांच्या आंबिलीची चव का जुळत नाही, हेही आपल्याला हळूहळू कळू लागेल.

प्रश्न : परदेशातील माझा भाचा अशाच एका गटात आहे. त्याला आपल्या वाट्याच्या बिअरमध्ये नागपुरी संत्र्याची चव आणायची आहे. ते जमेल का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : जमेल, पण सामाईक पिंपात नको. बुचाच्या लहानशा भोकातून फळे आत घालता येतील, बाहेर काढणे जवळपास अशक्य होईल, आणि इतर सभासदांना ती चव हवी असेलच असे नाही. मुरलेली बिअर वाटून घेतल्यावर भाच्याने आपल्या वाट्यातील काही लिटर वेगळ्या काचेच्या भांड्यात घ्यावी.

संत्र्याच्या रसावर त्याने भिस्त ठेवू नये. रसातली साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकते, गोडवा उरत नाही आणि मागे राहते ते आम्ल, म्हणजे आधीच आंबट असलेली बिअर आणखी आंबट होते. नागपुरी संत्र्याची जी ओळख आपण सोलतानाच नाकाला पटते, ती सालीतल्या तेलात असते. वरची केशरी साल तेवढी बारीक किसणीवर किसून घ्यावी. तिच्याखालचा पांढरा भाग आणि बिया कडवटपणा आणतात, त्या अजिबात येऊ देऊ नयेत. तिथे नागपूरचे फळ मिळणार नाही. मेणाचा थर न दिलेले, सैल सालीचे मँडरिन त्यातल्या त्यात जवळचे. सुट्टीत इकडे येणार असेल, तर आंबिया बहराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहराची फेब्रुवारीपासून पुढे बाजारात असतात. त्या वेळी दोन्हींच्या सालीचा वास घेऊन ठेवावा, म्हणजे तिकडे कोणते फळ निवडायचे याचा अंदाज येईल.

पहिल्यांदा एकच लिटर बिअर घेऊन त्यात एका फळाची किसलेली साल घालावी आणि रोज चाखून पाहावे. तीन-चार दिवसांत वास पुरेसा उतरतो. रस किंवा गर घातलाच, तर आंबणे पुन्हा सुरू होते. अशा वेळी विशिष्ट घनतेची नोंद महिन्याच्या अंतराने दोनदा घेऊन आकडा हलत नाही हे पाहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत, कारण उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहिली तर वायूच्या दाबाने काच फुटते. बाटल्याही शॅम्पेनच्या असतात तशा जाड काचेच्याच घ्याव्यात.