मयताच्या सामानाचे दुकान हाती घेताना

पुणे

चिरंजीव मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून वडिलांच्या दुकानात पूर्ण वेळ बसण्याचा तुझा निर्णय कळला आणि सोबत पाठवलेला आराखडाही मी सावकाश वाचला. तिरडी, मडके आणि कापड विकणाऱ्या दुकानाने यापुढे घरी देह ठेवण्यापासून दहाव्यापर्यंतची सगळी व्यवस्था अंगावर घ्यावी आणि ती प्रत्येक कुटुंबाला हवी तशी करून द्यावी, हा तुझा विचार मला मनापासून पटला. वाड्यात कोणी गेले की न बोलावता चार माणसे बांबू बांधायला बसत. आज कोथरूडपासून खराडीपर्यंत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे मुले परदेशी आहेत, शेजाऱ्यांची तोंडओळख आहे आणि पुढे काय करायचे हे सांगणारे कोणीच नाही. त्या घरांना आधार हवा आहे. मात्र साधे, मध्यम आणि विशेष अशी जी तीन पॅकेजे तू आखली आहेस, त्यांविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

पॅकेज आखले की कोणत्या घरात काय लागेल हे आपण त्या घरात पाऊल टाकण्याआधीच ठरवून मोकळे होतो. शिवाय त्या नावांनी माणूस कोंडीत सापडतो. आई गेलेल्या मुलासमोर ‘साधे’ आणि ‘विशेष’ असे दोन शब्द ठेवले तर आईसाठी साधे निवडले असे चारचौघांत होऊ नये म्हणून तो ‘विशेष’ला मान डोलावतो, मग त्यातली फुलांची सजावट त्या माउलीला आवडली असती की नाही, हे कोणी विचारतही नाही. आपल्याकडे येणारे गिऱ्हाईक घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसते, दुसऱ्या दुकानात चौकशी करायला जात नाही, म्हणून वाजवीपणा सांभाळण्याचे ओझे पूर्णपणे आपल्या शिरावर येते. पॅकेजे काढून टाक. प्रत्येक वस्तूचा आणि प्रत्येक कामाचा दर स्वतंत्र लिही, तो दुकानात दर्शनी भागात मराठीत लाव आणि घरी गेल्यावर काम सुरू करण्यापूर्वी एका जबाबदार माणसाच्या हाती दे. महापालिकेची ‘पुष्पक’ शववाहिका मिळू शकते, वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी आहे, हेही आपणहून सांग, मग आपली गाडी आणि आपली लाकडे विकली गेली नाहीत तरी चालेल.

तुझी खरी सेवा पहिल्या फोनपासून सुरू होते, आणि त्या फोनवर काय विचारायचे याचा सराव तू तुझ्या माणसांकडून करून घ्यायला हवा. मृत्यू घरी झाला की रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांचे उपचार चालू होते आणि ते येऊन दाखला देणार आहेत का, हे आधी. घरी मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये लागते आणि ते शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. अपघात, आत्महत्या किंवा जरासाही संशय असेल तर पोलिसांना कळवल्याखेरीज देहाला हात लावायचा नाही, नातेवाइकांनी कितीही घाई केली तरी.

त्यानंतर नेत्रदानाबद्दल विचारायचे. हा प्रश्न अवघड वाटतो, पण तो पहिल्याच संभाषणात विचारावा लागतो, कारण मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक पोहोचायला हवे. घरच्यांनी होकार दिला तर पथक येईपर्यंत पंखा बंद करायला, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायला आणि डोक्याखाली उशी द्यायला फोनवरच सांग. देहदानाचा अर्ज गेलेल्या माणसाने भरलेला असला तरी जवळच्या वारसांची संमती लागते, आणि शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. त्यामुळे घरात एकाचे ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर आपण बाजूला व्हायचे आणि त्यांना आपसात बोलू द्यायचे. आणखी एक प्रश्न पुष्कळ ठिकाणी राहून जातो: छातीत पेसमेकर आहे का? त्यातली बॅटरी दाहात फुटते, दाहिनीचे नुकसान होते आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला इजा होऊ शकते. तो डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावा लागतो, आणि हे स्मशानात पोहोचल्यावर आठवून उपयोग नसतो.

मुले परदेशातून यायची असतील तर शीतपेटी द्यावी लागेल. पेटी भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. पण ती ठेवून निघून येऊ नकोस. इमारतीत वीज गेली तर जनित्राची जोडणी त्या खोलीपर्यंत आहे का, हे पाहा. काचेवर आतून दव धरते आणि मग चेहरा दिसत नाही. लांबून आलेली मुलगी त्या काचेशी उभी राहण्याआधी तुझ्या माणसाने ती पुसलेली असावी. अंगावरचे मंगळसूत्र, अंगठी, कुड्या घरातल्या दोघांच्या देखत काढून, लिहून, सही घेऊन द्याव्यात.

आता घराच्या चालीरीतींबद्दल. या विषयावर मी जास्त लिहितो आहे, कारण तू ज्याला व्यक्तिगत सेवा म्हणतेस तिचा गाभा इथे आहे. एकाच पेठेतल्या, एकाच आडनावाच्या दोन घरांत रीत वेगळी असते. वारकऱ्याच्या घरी टाळ-मृदंगाच्या गजरात बुक्का लावून निघायचे असते, तर शेजारच्या घरी आवाज अजिबात नको असतो. लिंगायत समाजात देह बसवून समाधी देतात, तिथे आपली तिरडी चालत नाही. बौद्ध कुटुंबात त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. तिथे आपल्या नेहमीच्या पुडक्यातले गंगाजल आणि तुळशीपत्र पुढे करणारा कामगार त्या घराचा अवमान करतो, त्याच्या मनात तसे काही नसले तरी. म्हणून सामानाचे तयार पुडके घेऊन जिना चढायचा नाही. घरातल्या सर्वांत वडील बाईंजवळ बसून विचारायचे, की तुमच्याकडे कसे करतात आणि गेलेल्या माणसाने स्वतः काही सांगून ठेवले होते का. धावपळ पुरुष करतात. सासऱ्याच्या वेळी काय केले होते ते बहुधा त्या बाईंनाच नेमके आठवत असते. माझ्या अनुभवात या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे सामान गळून जाते आणि जे उरते ते त्या घराचे असते.

‘मुलगा कुठे आहे?’ असे कधीही विचारू नकोस. ‘अग्नी कोण देणार आहे?’ असे विचार. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याने टिटवे (अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके) धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या, अग्नीही त्यांनीच दिला. हे याच शहरात घडले, आणि तरीही आज तीन मुली असलेल्या घरात पुतण्याला शोधायला माणसे धावतात, कारण कोणी तरी तो पहिला प्रश्न विचारून बसलेले असते. निर्णय घराचा असतो, पण आपल्या प्रश्नाने त्यांच्यासाठी दार बंद होऊ देऊ नये.

तसेच बांगड्या फोडण्याचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्याच्या आणि बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. शहरातल्या सुशिक्षित घरांत मात्र अजूनही कोणी तरी दूरची नातेवाईक पुढे होते आणि नवरा गेलेल्या बाईचा हात धरते. तू तिथे उभी असशील तर त्या बाईंना एकदा बाजूला नेऊन हळूच विचार, की त्यांना काय हवे आहे. एवढे विचारणाराही त्या वेळी जवळ कोणी नसतो. हे काम तुझ्या वडिलांना किंवा मला कधी नीट करता आले नसते. बाईमाणूस म्हणून तू ते करू शकतेस, आणि लोक मुलीला स्वीकारतील का या तुझ्या शंकेला माझे हेच उत्तर आहे.

हातची कामे तू स्वतः शिकून घे. तिरडी बांधायला कामगार आहेत म्हणून तू नुसती उभी राहिलीस तर ते तुझे ऐकणार नाहीत. बुरूड आळीतून आलेले बांबू आधी हाताने चाचपून पाहा. चिरलेला बांबू खांद्यावर घेतल्यावर कुरकुरतो आणि मागच्या माणसाचा हात सोलतो. आडव्या कामट्यांची गाठ सुंभ ओला करून मारावी, वाळल्यावर ती घट्ट बसते. डोके आणि कंबर येते तिथे कामट्या जवळ घ्याव्यात. सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही, म्हणून ती खाली पार्किंगमध्ये बांधायची आणि देह स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधून जिन्याने आणायचा. पाय पुढे, डोके वरच्या बाजूला, वळणावर खालच्या दोघांनी थांबायचे आणि वरच्यांनी सांगितल्यावर पाऊल टाकायचे. घरचे लोक ते उतरणे जन्मभर विसरत नाहीत, म्हणून माणसे नेमताना ताकदीबरोबर स्वभावही पाहा. त्यांना हातमोजे, काविळीची लस आणि कामाच्या वेळेपुरते तरी फोन खिशात ठेवण्याची सवय, या तिन्ही गोष्टी तू लाव.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि नाव आधार कार्डावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, लिहिले गेले पाहिजे. शेजाऱ्याने सांगितलेले ‘बापूसाहेब’ दाखल्यावर गेले की बँकेत आणि निवृत्तिवेतनाच्या कचेरीत विधवेला हेलपाटे घालावे लागतात. स्मशानभूमीच्या पाससाठी नाव देण्यापूर्वी कार्ड हातात घेऊन वाच. दाखल्याच्या प्रती जास्त काढायला सांग.

एका गोष्टीबाबत मात्र मी तुला कडक शब्दांत सांगणार आहे. काही रुग्णालयांतून मृत्यूची खबर देणाऱ्याला पैसे मोजण्याची चाल आपल्या धंद्यात आहे. तुलाही निरोप येतील आणि सुरुवातीचे महिने मंदीचे गेले की मन डळमळेल. त्या वाटेला जाऊ नकोस. ते पैसे शेवटी मयताच्या घरच्यांच्या बिलातच चढतात, आणि ज्या घरात डॉक्टरांच्या आधी आपली गाडी पोहोचते त्या घराला सगळे समजते. तुझ्या वडिलांनी तो मार्ग कधी धरला नाही, म्हणूनच आज तीन पिढ्यांची घरे तुमच्याकडे येतात.

दहाव्यासाठी ओंकारेश्वराच्या घाटावर गुरुजींची वेळ ठरवून देणे, अस्थींच्या मडक्यावर नाव आणि तारीख लिहून ते कोणाच्या हाती दिले याची नोंद ठेवणे, हे तुझ्या आराखड्यात चांगले आले आहे. त्यात बदल नको. आठवणींची चित्रफीत करून देण्याची कल्पना पहिल्या दिवशी सुचवू नकोस. तेराव्यानंतर घरच्यांनी विचारले तर करून दे.

दरपत्रक नव्याने लिहून पुढच्या आठवड्यात पाठव. बांबू, मांजरपाट आणि गोवऱ्यांचे चालू भाव त्यात खरेदीच्या पावत्यांसह असू देत, म्हणजे प्रत्येक ओळीवर नफा किती धरला आहेस ते आपल्याला मिळून तपासता येईल. वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका