बकेट सार्वजनिक करण्यापूर्वी
अ‍ॅमेझॉन एस-थ्री या ऑनलाइन फाइल-साठवण सेवेत एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर (फाइली ठेवण्याच्या कप्प्यावर) ‘ब्लॉक पब्लिक अ‍ॅक्सेस’ ही सर्वांसाठीचा खुला प्रवेश रोखणारी सेटिंग आपोआप चालू असते. संकेतस्थळावर चित्रे दिसत नाहीत म्हणून तुम्ही ती घाईने बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी बकेट खाजगीच ठेवून समोर क्लाउडफ्रंट (फाइली वाचकांपर्यंत पोहोचवणारी अ‍ॅमेझॉनचीच सेवा) बसवावे आणि बकेट पॉलिसीत (बकेटच्या परवानग्यांच्या नियमांत) केवळ त्यालाच वाचनाची परवानगी द्यावी. एखाद्यालाच फाइल द्यायची असल्यास प्रीसाइन्ड यूआरएल (ठरावीक मुदतीपुरती चालणारी खास लिंक) पुरते. त्याची मुदत जास्तीत जास्त ७ दिवस ठेवता येते, मी मात्र काही मिनिटांचीच ठेवतो. बकेट खुली करणे खरोखरच अटळ असेल, तर ठरावीक फोल्डरपुरती ‘गेटऑब्जेक्ट’ (फाइल वाचणे) एवढीच परवानगी द्यावी, कारण ‘लिस्टबकेट’ही दिल्यास आतल्या सर्व फाइलींच्या नावांची यादीच अनोळखी माणसाच्या हाती पडते. बॅकअप तर त्या बकेटमध्ये मुळीच ठेवू नयेत.