घरगुती एमबीआरचे मेम्ब्रेन दर पंधरा दिवसांनी चोक होते. बदलावेच लागेल का?

सहा माणसांचा बंगला, एमबीआर (सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणारा प्लांट), त्यात फ्लॅट शीट मेम्ब्रेन म्हणजे सपाट पडदे, दर पंधरवड्याला पाणी निघेनासे होते आणि सर्व्हिसवाला ‘शीट बदला’ म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. एवढ्यात बदलू नका. धुतल्यावर पाणी पूर्वीइतके निघत असेल, तर शीट शाबूत आहे.

आधी हिशेब करा. माणशी १३५ लिटर पाणीवापर धरला तर त्यातले रोज साधारण ७०० लिटर सांडपाणी होते. सक्शन पंप ८ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद ठेवला तर दिवसाला १९ तास चालतो, म्हणजे तासाला ३७ लिटर. घरगुती प्लांटला मी चौरस मीटरमागे तासाला १२ लिटरच्या वर जात नाही; तेव्हा ३ चौरस मीटर मेम्ब्रेन हवेच, ४ असले तर बरे. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकदम होतात. आधी साठवण टाकी नसेल तर पंप तेवढ्या वेळात जोरात ओढतो आणि टाकीतला जिवाणूंचा गाळ शीटवर दाबून बसतो. माझा पहिला संशय इथेच.

ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) त्या २ मिनिटांतही चालू हवा, कारण थर खरवडतात ते बुडबुडेच. एखाद्या बाजूला बुडबुडे दिसत नसतील तर डिफ्यूझरची (हवा सोडणाऱ्या नळीची) भोके बुजली आहेत. स्वयंपाकघराच्या लाइनवर ग्रीस ट्रॅप आणि टाकीआधी ३ मिमीची जाळी आहे का तेही बघा. केसांचे गुंते शीटच्या फटीत अडकले की हवा तिथे पोचत नाही.

गाळाची परीक्षा घरीही होते. घडी घातलेल्या फिल्टर पेपरमधून टाकीतले ५० मिली पाणी गाळा. पाच मिनिटांत १० मिलीपेक्षा जास्त उतरले तर ठीक. ५ मिलीही उतरले नाही तर गाळ बिघडला आहे, मग शीट कितीही धुवा.

व्हॅक्यूम गेज (पंपाची ओढ दाखवणारे) स्वच्छ शीटच्या आकड्यापेक्षा ३५-४० मिमी पारा वर गेला की धुवा. ४ चौरस मीटरला १५ लिटर द्रावण लागते : बाजारातला १० टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) पाऊण लिटर, बाकी पाणी. पंप आणि हवा बंद करून ते परमिएटच्या (शीटमधून गाळून निघालेल्या पाण्याच्या) पाइपातून उलटे, फक्त उंचीच्या जोरावर सोडा. बादली टाकीतल्या पाण्यापेक्षा मीटरभरही वर नको, शीट फुगून फाटते. दीड-दोन तासांनी सुरू करा आणि सुरुवातीचे पाणी फ्लशकडे न नेता परत टाकीत घ्या. बोअरचे पाणी असेल तर क्षार बसतात, त्याला १ टक्का सायट्रिक अॅसिड, पण वेगळ्या दिवशी. हायपोत अॅसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. प्रेशर वॉशर लावू नका, काढलेली शीट वाळू देऊ नका आणि टाकीत उतरू तर नकाच.

दोन्हीने धुऊनही गेज मूळ आकड्यावर येत नसेल, किंवा परमिएट गढूळ येत असेल, तर मात्र सर्व्हिसवाल्याचे खरे आहे. गढूळ पाण्यातही आधी पाइपाचे जोड तपासा.